रामटेकेचा बुद्ध कुणाकडे बघतो

सूर्यकांत रामटेकेच्या हातून दुबई-अबुधाबीत जितके बुद्ध गेले, त्यातल्या एकालाही धड नव्हतं. नुसती मुंडकी. स्पाला मुंडकं, हॉटेलच्या लॉबीला मुंडकं, व्हिलाच्या बागेत कारंज्याच्या मधोमध मुंडकं. अबुधाबीबाहेरच्या मुसाफातल्या एका फायबरच्या वर्कशॉपात उंट व्हायचे, खजुराची झाडं व्हायची, मॉलसाठी रमजानात कंदील आणि डिसेंबरात रेनडियर व्हायचे. पण सीझन कोणताही असो, मुंडक्यांची ऑर्डर थांबत नसे.

त्यातही गिऱ्हाइकांना मान सरळ कापलेली चालत नसे. तुटल्यासारखी दिसायला हवी, म्हणजे माल जुना वाटतो. ते काम सूर्यकांतकडे यायचं. कच्च्या मातीच्या मानेवर तो छिन्नी धरायचा, हातोडीचा असा एक तिरपा ठोका घालायचा की बघणाऱ्याला वाटावं, हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी दात-ओठ खाऊन हे डोकं उडवलंय. ठोका घातला की तो हातोडी टेबलावर आपटायचा आणि चहाला निघून जायचा. एकदा त्याने मालकाला विचारलं होतं.

"सुजीतभाई, ये गर्दन किसने तोडा, मालूम है?"

सुजीत त्रिशूरचा. धंद्यात पक्का, मनाने बरा. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "हमने तोडा. यल्ला, पॉलिश में डालो."

रामटेके हा रागीट माणूस. याआधीचं एक वर्कशॉप त्याने सोडलं ते तिथल्या मॅनेजरने पाहुण्यांसमोर त्याची ओळख 'अपना लेबर' अशी करून दिली म्हणून. व्हिसावर त्याचा हुद्दा मोल्ड टेक्निशियन असा आहे. कुणी विचारलं तर तो शिल्पकार असं सांगतो, आणि समोरच्याने 'म्हणजे काय' असं विचारायची वाट बघतो. भांडायला तेवढं पुरतं.

तो मूळचा नागपूरचा, पाचपावलीचा. शाळा सुटली तेव्हापासून एका पुतळेवाल्याकडे प्लास्टर कालवायला होता. वस्तीवस्तीतून बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यांची मागणी असायची, निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक. बुद्धही व्हायचे. तो पुतळेवाला म्हणायचा, "बाबासाहेबांना चष्मा असते बे, डोळ्यात थोडंबहुत चुकलं तर झाकून जाते. बुद्धाला लपायला जागाच नाही." हे वाक्य सूर्यकांतने डोक्यात ठेवलं. वर्कशॉपात डोळे कोरायला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

राहायला तो अबुधाबीतच, मोहम्मद बिन झायद सिटीत. एका व्हिलाचा मागचा भाग, दोन खोल्या, बायको प्रमिला आणि मुलगी अस्मिता. अस्मिता इथेच वाढलेली, कॉलेजात शिकते, बापाशी इंग्रजीत बोलते आणि आईशी भांडताना तेवढी मराठीत येते.

तर एका रविवारी उर्मिला तेलगोटे रामटेकेच्या घरी जेवायला आली. उर्मिला अकोल्याची. एका कार्गो कंपनीत अकाउंट्स बघते, राहते दुबईत, करामात. दुबई-शारजा-अबुधाबीतली बौद्ध कुटुंबं एकत्र ठेवायचं काम तिच्याकडे कुणी दिलं नव्हतं, तिने घेतलं होतं. पौर्णिमेला करामातल्या एका हॉटेलचा वरचा पार्टी हॉल मिळायचा. तिथे टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर लॅमिनेट केलेला बुद्धाचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा, आणि बॅटरीवरच्या मेणबत्त्या, कारण हॉटेलवाला खऱ्या लावू देत नसे.

जेवण झाल्यावर उर्मिला म्हणाली, "सूर्यकांत भाऊ, तुमच्यासारखा माणूस इथे असून आम्ही किती दिवस लॅमिनेशनपुढे हात जोडायचे?"

"मंग काय करू म्हणता ताई?"

"मूर्ती करा. वैशाख पौर्णिमेला हॉलमध्ये बसली पाहिजे. अख्खी. तुमच्या त्या मुंडक्यातलं मुंडकं नको."

सूर्यकांतने पाणी प्यायला वेळ घेतला. "फोटो पाठवून द्या कोणता पाहिजे तो."

"फोटो कशाला? तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा. या माणसाला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. नागपुरात वस्तीचे अध्यक्ष ठरवायचे, इथे डिझायनर ठरवत होते. उर्मिला डबा घेऊन निघून गेली, पण ते दोन शब्द घरात राहिले. प्रमिलाने सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या दिवशी भांडी रामटेकेने घासली.

कोणती मूर्ती, हे त्याला शोधावं लागलं नाही. तरुणपणी नागपूरहून यात्रेच्या बसने तो सारनाथला गेला होता. तिथल्या म्युझियममध्ये ती मूर्ती आहे, गुप्तांच्या काळात, पाचव्या शतकात घडवलेली. मांडी घातलेला बुद्ध, दोन्ही हात छातीशी, बोटं अशी जुळलेली की काहीतरी बारीक समजावून सांगतोय. अंगावर चीवर आहे पण त्याला एक चुणी नाही, गळ्याशी आणि पायाशी कडा दिसते म्हणून कळायचं की कपडा आहे. मागे फुलावेलींची प्रभावळ. खाली बैठकीवर चक्र, हरणं, ऐकायला बसलेले पहिले शिष्य, आणि त्यांच्यात कडेला लेकराला घेऊन बसलेली एक बाई. बसमधली माणसं भराभर बघून जेवायला गेली. सूर्यकांत तिथेच उभा राहिला आणि त्या दिवशी उपाशी राहिला. आता त्याला तीच मूर्ती करायची होती.

सुजीतने रविवारी वर्कशॉप वापरायची परवानगी दिली. माती घ्या, फायबर घ्या, बिघडलेल्या मालातून भागवा, बस्स. दर रविवारी रामटेके फिरत्या स्टुलावर मातीचा बुद्ध चढवू लागला. उंची बेताची, कमरेएवढी, कारण पौर्णिमेनंतर तो उर्मिलाच्या घरी राहणार होता आणि तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मावायला हवा होता. हात जमले, चीवर जमलं. बैठकीवरच्या बाईपाशी तो बराच अडला, मग तिच्या मांडीवरच्या लेकराला त्याने अस्मिताच्या लहानपणीचं डोकं दिलं, मोठं आणि जरा चपटं. डोळे शेवटी केले. सारनाथच्या मूर्तीचे आहेत तसेच, पापण्या जड होऊन खाली उतरलेल्या, कमळाच्या पाकळीसारख्या. केले आणि त्याला कळलं की जमलंय. घरी जाऊन त्याने ते कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की नजर लागते, असलं काही तो मानत नाही. तरी नाही सांगितलं.

पुढच्या रविवारी उर्मिला बघायला आली, सोबत हॉलवरची दोघं-तिघं. स्टुलाभोवती एक चक्कर मारून ती समोर येऊन थांबली.

"सगळं झकास," ती म्हणाली. "पण हे झोपलेत."

"झोपले नाही. नजर खाली आहे."

"भाऊ, मी बघून राहिले ना. डोळे बंद आहेत. आपल्याकडे उघड्या डोळ्यांचा बुद्ध लागतो. बाबासाहेबांना तसाच आवडायचा, हे मी तुम्हाला सांगायचं का? डोळे उघडे ठेवून जगात फिरणारा. गुहेत डोळे मिटून बसणारे दुसरे पुष्कळ आहेत."

सोबतच्या मंडळींनी माना हलवल्या. रामटेकेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने एक पुठ्ठा ओढला आणि स्टुलासमोर जमिनीवर टाकला.

"बसा."

"कुठे?"

"खाली. पुठ्ठ्यावर. बसा आणि मंग बोला."

उर्मिला बसली. वर बघितलं. उभं राहून मिटलेले वाटणारे ते डोळे, खाली बसल्यावर नेमके तिच्याकडे बघत होते. पापणीखालची नजर सरळ तिच्या नजरेत उतरत होती. मूर्ती उंचावर असते, माणसं खाली बसतात, हा हिशोब करूनच त्या जुन्या कारागिरांनी पापण्या उतरवल्या होत्या. रामटेकेने हे सारनाथला उपाशीपोटी ओळखलं होतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला, भांडण जिंकलेल्या माणसासारखा.

उर्मिला उठली, सलवार झटकली.

"म्हणजे आम्ही खाली बसलो तरच हा आमच्याकडे बघणार."

"ताई, तसं नाही ते..."

"तसंच आहे. उभं राहिलं की डोळे बंद, खाली बसलं की कृपा. आमच्या बापजाद्यांचं खाली बसून झालंय भाऊ. पुष्कळ झालंय."

"ही मूर्ती पाचव्या शतकापासून अशीच बघते."

"पाचव्या शतकात आपल्याला कुणी विचारलं होतं का?"

रामटेकेने ओलं फडकं उचललं आणि बुद्धाच्या डोक्यावर टाकलं. "तुम्हीच ठरवा म्हणाल्या होत्या तुम्ही. ठरवलं मी. न्यायची तर अशीच न्या. नाहीतर लॅमिनेशन आहेच."

"आहेच," उर्मिला म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

घरी प्रमिलाने भाजी वाढता वाढता विचारलं, "एवढं काय अडलं? उघडून टाका डोळे."

"खिडकी आहे का ती उघडून टाकायला?"

"मग नका उघडू. पण मग पौर्णिमेला हॉलमध्ये कोणत्या तोंडाने जाल?"

अस्मिता मोबाइल ठेवून म्हणाली, "डॅड, यू आर राइट. आणि उर्मिला मावशी इज ऑल्सो राइट. अँड बोथ ऑफ यू आर रूड."

"तू जेव," रामटेके म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुजीतने फडकं काढून बघितलं आणि त्याच्या धंद्याच्या डोळ्याला जे दिसायचं ते दिसलं. त्याने लगेच एका डिझायनरला बोलावलं. ती अपर्णा जोगळेकर. पुण्याची, राहते दुबईत अल मनखूलला, हॉटेलांची आणि स्पांची आतली सजावट करते. रामटेकेची बरीच मुंडकी तिनेच खपवली होती. ती वाईट बाई नव्हे. रामटेकेला काका म्हणते, दिवाळीत चकल्या आणते.

ती मूर्तीसमोर आली आणि बॅग खाली ठेवून तिने चेहरा न्याहाळला. "काका, हे तुमच्या सगळ्या कामात बेस्ट आहे. हा चेहरा बघा ना. मला जुमेराच्या स्पासाठी हाच हवाय. रिसेप्शनच्या मागे, मोठा, खालून लाइट."

"अख्खा?"

"नाही, नुसतं हेड. तुमचं ते ब्रोकन नेक फिनिश. बॉडी असली की फार रिलिजियस होतं, क्लायंट घाबरतात."

धड आलं की धर्म येतो, नुसतं डोकं असलं की शांती, हे रामटेके गेली कित्येक वर्षं ऐकत आला होता.

अपर्णा अजून बघत होती. ती वाकली, मग गुडघ्यावर बसली, कारण रिसेप्शनला येणारी माणसं सोफ्यावर बसतात आणि तिला तिथून कसं दिसेल ते बघायचं होतं. धंदा तिलाही कळतो.

"एक छोटीशी गोष्ट काका. डोळे अजून थोडे मिटता येतील?"

"अजून?"

"हो. खाली बसलं की तो बघतोय असं वाटतं. गेस्ट तिथे रोब घालून बसणार, रिलॅक्स व्हायला आलेले. कुणी बघत नाहीये असं वाटलं पाहिजे. पूर्ण मिटा ना. झोपल्यासारखे."

रामटेकेने तिच्याकडे बघितलं, मग मूर्तीकडे. "तुम्हाला बघणारा नको."

"स्पामध्ये कुणाला हवा असतो?" अपर्णा हसली. "सुजीत, सोमवारी हेडचा मोल्ड काढाल ना? मला आधी लहान सॅम्पल दाखवायचंय, मोठा नंतर."

"इन्शाल्ला, मंडे पक्का," सुजीत म्हणाला. "रामटेके, तुम आँख बंद कर दो, मोल्ड मैं निकलवाता हूँ. फिर बॉडी तुम्हारा, जो करना है करो."

सौदा वाकडा नव्हता. डोकं सुजीतच्या गिऱ्हाइकाचं, बाकी सगळं रामटेकेचं. मोल्ड काढून झाल्यावर डोळे पुन्हा पहिल्यासारखे करता आले असते. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आठवडाभर रामटेकेला जेवण गोड लागेना. उर्मिला म्हणत होती हे डोळे बंद आहेत म्हणून नकोत. अपर्णा म्हणत होती हे डोळे उघडे आहेत म्हणून नकोत. मूर्ती तीच. एकीला बघणारा हवा होता, दुसरीला नको होता. आणि आपण सारनाथच्या नावाने मध्ये असं काही करून ठेवलंय की दोघी आपापलं म्हणणं त्यात कोंबू शकतात.

रविवारी तो एकटाच वर्कशॉपात गेला. फडकं काढलं. बारीक तारेची कोरणी घेतली आणि उजव्या डोळ्याची पापणी उचलायला सुरुवात केली.

हे काम सोपं नाही. पापणी उचलली की भुवई हलते. भुवई हलली की कपाळ बदलतं. कपाळ बदललं की ओठांवरचं ते जुनं हसू उपरं वाटायला लागतं, लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखं. एक गोष्ट हलवली की दुसरी बोलावते. दुपारपर्यंत रामटेकेने नाक सोडून सगळा चेहरा हलवला होता. हनुवटी त्याने उचलली, थोडीच, नजर समोर येण्यापुरती. मध्ये एकदा त्याचे हात थांबले. जमलेली गोष्ट आपल्या हाताने मोडताना कारागिराला काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याने कधी काही जमवलंय त्याला ते माहीत असतं.

संपलं तेव्हा समोर सारनाथचा बुद्ध नव्हता. धड सारनाथचं होतं, हात सारनाथचे, प्रभावळ सारनाथची. चेहरा पाचपावलीतल्या कुणाचा तरी, दार वाजलं म्हणून उठून आलेला आणि कोण आहे ते बघणारा. डावा डोळा उजव्याहून किंचित मोठा झाला होता. रामटेकेने तो बारीक करायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

सोमवारी सुजीतने बघितलं आणि आधी मल्याळममध्ये आणि मग हिंदीत काय वाटलं ते सांगितलं. "मैंने बोला आँख बंद करो. तुमने क्या किया?"

"खोल दिया."

"क्यों?"

"मूर्ती मेरी है."

"मिट्टी मेरी है," सुजीत म्हणाला. तरी त्याने फोटो काढून अपर्णाला पाठवला, कदाचित चालून जाईल म्हणून. तिचं उत्तर तासाभरात आलं. सुजीतने ते मोठ्याने वाचून दाखवलं: "सॉरी, हा फारच जागा आहे. जुनंच थाई हेड पाठवा."

"खलास," सुजीत म्हणाला. "अब ये तुम ले जाओ. और संडे को चाबी नहीं मिलेगा."

चावी गेली. पण रोजचं काम संपल्यावर थांबून त्याने साचा घेतला, आणि धड आणि डोकं एकाच मोल्डमध्ये निघालं, मान न तुटता. इथे आल्यापासून रामटेकेच्या हातून हे पहिल्यांदाच झालं. फायबरचा माल पोकळ असतो, त्यामुळे दोघांना मूर्ती आरामात उचलता आली. वाळूच्या दगडाचा रंग त्याने स्वतः दिला. उर्मिलाला त्याने फोन केला नाही, फोटोही पाठवला नाही. प्रमिलाने पाठवला. उत्तरात एक अंगठा आला.

वैशाख पौर्णिमेला करामातल्या त्या हॉलमध्ये, बिर्याणीच्या वासात, पांढऱ्या चादरीवर बुद्ध बसला. फुलं आली, बॅटरीच्या मेणबत्त्या आल्या. उर्मिला समोर येऊन उभी राहिली. मूर्ती टेबलावर असल्यामुळे दोघांची नजर बरोबर समोरासमोर आली. ती बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला उभ्या असलेल्या रामटेकेला म्हणाली, "जय भीम, भाऊ."

"जय भीम."

"डावा जरा जास्त उघडलाय."

"मुद्दाम आहे," रामटेके म्हणाला.

"असू द्या."

सगळे सतरंजीवर बसले. वंदना सुरू व्हायची होती. उर्मिलाने हात जोडले, वर बघितलं, आणि तिची मान तशीच राहिली. तिने जरा डावीकडे सरकून बघितलं, मग उजवीकडे. मग मागे वळून दाराकडे बघितलं. बुद्ध तिच्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे बघत होता. खाली बसलेल्यांपैकी कुणाकडेच नाही.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रामटेकेला हे माहीत होतं. पापणी उचलताना त्या रविवारीच त्याच्या लक्षात आलं होतं. सांगायला काही कुणी विचारलं नव्हतं.

उर्मिला उठून उभी राहिली. क्षणभर एकटीच. मग शेजारची उठली, मग पुढची रांग, मग मागचे, एकमेकांना काय झालं असं विचारत. वयस्कर मंडळींनी गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत स्वतःला वर आणलं. त्रिशरण, पंचशील, सगळी वंदना त्यांनी उभ्यानेच म्हटली. अस्मिताने एकदा मागे वळून बापाकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. रामटेकेने नजर समोर ठेवली.

खिरीच्या वेळी अमरावतीचे एक जुने गृहस्थ पाय चोळत त्याच्याजवळ आले. "काम चांगलं केलं रामटेके. पण माझे गुडघे गेले आज. पुढच्या वेळी खुर्च्या लावल्या तर नाही का चालणार?"

रामटेकेने टेबलाची उंची डोळ्यांनी मोजली, मग खुर्चीची.

"खुर्चीवर बसलात तर त्याला अर्धेच दिसाल," तो म्हणाला, आणि खिरीची वाटी पुढे केली.